कापडावर ठसे आणि रंग: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझी सुरुवात एका डागापासून झाली. पांढरा टी-शर्ट, बरोबर छातीवर कशानेच न निघणारा डाग, म्हणून खोडरबर कोरून केलेलं एक पान त्यावर छापलं, मग एकटं पान विचित्र दिसायला लागलं म्हणून शेजारी अजून सात छापली, आणि तेव्हापासून घरात बिनछापाचं कापड सापडणं अवघड झालंय. आता ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं काहीतरी विचारत असतं आणि प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. पूर्ण वाचायचा कंटाळा आला तर निदान ठशाला रंग कसा लावायचा आणि इस्त्री कशी करायची तेवढं तरी वाचा, बहुतेक गोंधळ तिथेच होतात.

सुरुवातीला काय काय घेऊ?

फार काही घेऊ नका. एक ठसा, फॅब्रिक पेंटच्या तीन बाटल्या, भांडी घासायचा नवा स्पंज, एक सपाट प्लेट (जी परत खायला वापरायची नाही, कायमची रंगाची), टेबलावर अंथरायला जुनं ब्लँकेट आणि सरावाला जुन्या चादरीचे तुकडे. पेन्सिल, पट्टी, चिकटपट्टी घरात असतेच. लोक पहिल्याच दिवशी बारा रंगांचा सेट घेतात आणि त्यातल्या आठ-नऊ बाटल्या न उघडताच आतल्या आत दगड होतात, मीही घेतला होता. दोन आवडते रंग आणि एक पांढरा, एवढ्यात भरपूर छटा होतात.

कुठलं कापड चांगलं?

सुती, आणि तेही सपाट विणीचं. पॉपलिन, मलमल, केंब्रिक, लिनन, यावर ठसा स्वच्छ उमटतो. सिल्कवरही छान येतो पण ते सरकतं, आणि तलम असलं की रंग कडेने पसरतो. पॉलिस्टरवर रंग बसतो पण इस्त्रीचा ताप जपून द्यावा लागतो आणि धुण्यात सुतीइतका टिकेलच असं नाही. सुती-पॉलिस्टर मिक्स चालतं. टॉवेल, मखमल, लोकर, म्हणजे ज्याला केस किंवा लूप आहेत असं काहीही पहिल्यांदा घेऊ नका, ठशाचा रंग केसांच्या टोकांना लागतो आणि पहिल्याच धुण्यात नक्षी विस्कटते. छत्री, रेनकोट असं वॉटरप्रूफ कापड तर सोडूनच द्या, रंग आत शिरतच नाही, वरच्या वर सुकतो आणि पापुद्रा निघतो.

जाड खादीसारखं उंचसखल विणीचं कापड असेल तर मोठा, ठळक ठसा घ्या. बारीक रेघांचा ठसा त्या धाग्यांच्या चढउतारात हरवतो.

कोरं कापड आधी धुवायलाच पाहिजे का? नव्यासारखं दिसत नाही मग.

हो, धुवायलाच पाहिजे. नव्या कापडात खळ असते, कधी सुरकुत्या पडू नयेत म्हणून केलेलं फिनिशिंग असतं, आणि रंग धाग्याला धरायच्या ऐवजी त्या खळीला धरून बसतो. मग पहिल्या धुण्यात खळ जाते आणि तिच्याबरोबर तुमची दोन तासांची मेहनतही जाते. शिवाय सुती कापड आटतं, गोल ठसा मारला आणि नंतर कापड लांबीत आटलं तर गोलाचं अंडं होतं. साध्या डिटर्जंटने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका कारण त्याचा थर धाग्यावर बसतो, वाळवा, आणि कडक इस्त्री करा म्हणजे घडीची रेघ राहणार नाही. घडीवर ठसा मारला की बरोबर मधोमध पांढरी रेघ येते.

खळ गेली की नाही हे बघायला पाण्याचा एक थेंब टाका. मण्यासारखा वर बसून राहिला तर परत धुवा, पटकन शोषला गेला तर चला पुढे.

कुठला रंग घेऊ? घरात अ‍ॅक्रेलिक आहे ते चालेल का?

फॅब्रिक पेंट म्हणजे रंगाची पूड आणि ती धाग्याला चिकटवून ठेवणारा मऊ बाइंडर, बाइंडर बहुतेक वेळा अ‍ॅक्रेलिक जातीचाच असतो. म्हणजे नेहमीच्या अ‍ॅक्रेलिकचा तो जवळचा नातेवाईक, फक्त याचा बाइंडर सुकल्यावर लवचिक राहतो. नेहमीचं अ‍ॅक्रेलिक नुसतंच छापलं तर कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि घडीवर तडे जातात. त्यात फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ ठेवणारं, बाटलीत मिळणारं द्रव) मिसळलं की चालतं. प्रमाण त्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेच पाळा, कुठे दोन भाग रंगाला एक भाग मीडियम असतं, कुठे निम्मं निम्मं. मीडियम जास्त झालं की रंग पातळ आणि पारदर्शक होतो, मग ठशाची कड फुटते.

पोस्टर कलर, वॉटर कलर चालत नाहीत. सुंदर उमटतात आणि पहिल्या धुण्यात पाण्यात जातात. ऑइल कलर तर नकोच, त्याचं तेल कापडात पसरून भोवती पिवळट कडं येतं.

अजून एक, लोकांची गल्लत होते ती पेंट आणि डाय यांच्यात. पेंट धाग्याच्या वर बसतो, डाय धाग्याच्या आत जातो. सुती कापडासाठीचे रिअ‍ॅक्टिव्ह डाय १९५६ पासून बाजारात आहेत आणि ते धाग्याशी रासायनिक बंध करतात, म्हणून कापड अजिबात कडक होत नाही. पण ते पाण्यासारखे पातळ, ठशाला वापरायचे तर सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेली, पातळ रंग दाट करणारी पूड) घालून आधी घट्ट करायचे, सोड्याची प्रक्रिया करायची, मग कित्येक पाण्यांतून जादा रंग काढायचा. मजा आहे त्यात, पण पहिल्याच महिन्यात नको.

ठसे कुठले? कागदावरचे रबरी स्टॅम्प आहेत माझ्याकडे.

वापरून बघा, पण अपेक्षा बेताची ठेवा. कागदाचे स्टॅम्प शाईसाठी केलेले असतात, त्यांची कोरीव खोली कमी आणि रेघा केसासारख्या, त्यामुळे पेंट खाचांत भरतो आणि फुलाचा नुसता गोळा उमटतो. कापडाला खोल कोरलेला आणि रेघ निदान दोन मिलिमीटर जाड असलेला ठसा लागतो. लाकडी ब्लॉक म्हणूनच एवढे चांगले. नखाने खाच चाचपून बघा, नखाचं टोक आत नीट बुडत असेल तर ठसा कामाचा.

घरी ठसा करता येतो का?

येतो की, आणि खरं सांगू का, मला छापण्यापेक्षा ठसा करण्यातच जास्त मजा येते.

सगळ्यात सोपा म्हणजे फोमचा. हस्तकलेसाठी मिळणारं फोमचं शीट कात्रीने कापायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा बाटलीच्या झाकणावर फेव्हिकॉलसारख्या गोंदाने नाही (पाण्याने सुटतो), तर वॉटरप्रूफ गोंदाने चिकटवायचं. बॉलपेनने दाबून पानाच्या शिरा काढल्या की त्या पांढऱ्या उमटतात. खोडरबर छोट्या बुट्ट्यांसाठी उत्तम. लिनोलियम, म्हणजे ठसे कोरायला मिळणारं फरशीच्या आच्छादनासारखं शीट, थोडं कडक, त्याला कोरायच्या पटाशा लागतात. लिनो कोरताना तो आधी गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून थोडा मऊ केला तर पटाशी सटकत नाही, आणि दुसरा हात कायम पटाशीच्या मागे, पुढे कधीच नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर याचा एक पांढरा व्रण आहे.

बटाटा आणि भेंडी सगळ्यांना माहीत असतं. बटाटा कापल्यावर कोरड्या फडक्यावर उलटा घालून पाच-दहा मिनिटं ठेवा, त्याचं पाणी निघालं नाही तर रंग पातळ होतो आणि कड धुरकट येते. एका बैठकीपुरताच तो चालतो, दुसऱ्या दिवशी सुरकुततो. भेंडीचा आडवा काप आयतं फूल देतो, पण हलकेच दाबा. खरी पानं पण छापता येतात, पानाच्या मागच्या बाजूला रंग लावायचा कारण शिरा तिकडे वर आलेल्या असतात, पान कापडावर ठेवून वर कागद घालून बोटांनी चोळायचं.

अक्षरं छापायची आहेत, काही वेगळं?

आरशातली कोरा. ठशावर उलटं तर कापडावर सुलटं. हे वाचताना सगळे मान डोलवतात आणि मग सरळ कोरतात. मी एका मैत्रिणीच्या पिशवीसाठी तिचं नाव अख्खी संध्याकाळ बसून कोरलं, वेलांटी, मात्रा, सगळं झकास, आणि छापल्यावर ते फक्त आरशासमोर धरून वाचता येत होतं. तिने ती पिशवी अजून ठेवलीय. तेव्हापासून मी ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने लिहिते, कागद पालथा करून ठशावर घासते, आपोआप उलटं होतं. आणि शिरोरेघ जाड ठेवा, बारीक शिरोरेघ सगळ्यात आधी पुसट होते.

ठशाला रंग कसा लावायचा? मी बुडवते तर थबथबतो.

बुडवायचा नाहीच. सगळ्यात जास्त चुका इथे.

प्लेटमध्ये चमचाभर रंग घ्या, ओलसर करून घट्ट पिळलेल्या स्पंजने तो पसरून पातळ थर करा. मग स्पंजचा तो रंगलेला तुकडा ठशावर टप टप टप असा टिपत जा, पुसायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं टिपायचं. ठसा उजेडात तिरका धरून बघा. वर आलेला भाग सगळीकडे सारखा, ओलसर, मंद चमकणारा दिसला पाहिजे, दव पडल्यासारखा. रंगाचे बुडबुडे दिसले किंवा कडेला जाड ओळ साठली तर जास्त झालाय, कोरड्या स्पंजने एकदा टिपून काढा. खाचेत रंग गेला असेल तर टूथपिकने काढा. कान द्यायची सवय लावा, रंग बरोबर असला की स्पंज उचलताना हलकासा चट चट आवाज येतो, जास्त असला की पचपच येतो. हसू नका, दहा-बारा ठसे मारल्यावर तुम्हाला पण ऐकू येईल.

दुसरी पद्धत, ठसा मोठा असेल तर, छोटा फोमचा रोलर. काचेवर किंवा टाइलवर रंग लाटून रोलर भरायचा आणि ठशावर फिरवायचा. आणि जास्त छपाई असेल तर प्लेटमध्येच रंगाची गादी करा, म्हणजे स्पंजचा किंवा फेल्टचा सपाट तुकडा, वर पातळ कापड, त्यात रंग मुरवलेला, त्यावर ठसा दोनदा हलका टेकवायचा. हाताने छापणारे कारागीर अशीच रंगाची गादी वापरतात.

प्रत्येक ठशाला रंग परत लावायचा. एका रंगात तीन छाप काढायची कंजुषी केली तर तिसरा भुतासारखा येतो, अर्थात मुद्दाम फिका हवा असेल तर तीच युक्ती आहे.

ठसा मधे मधे कोरा राहतो. जास्त जोर देऊ का?

जोर नको, खाली मऊ हवं. कडक टेबलावर ठसा आणि कापड एकमेकांना सगळीकडे टेकतच नाहीत, लाकडी ठसा एका कोपऱ्यात केसभर उंच असला तरी बाकीचा भाग अधांतरी राहतो. टेबलावर ब्लँकेटच्या तीन-चार घड्या, साधारण एक सेंटिमीटर जाडी, वर ताणून घातलेली जुनी चादर, आणि त्यावर तुमचं कापड चिकटपट्टीने किंवा टाचण्यांनी पक्कं केलेलं. सुरकुती नको पण ताणायचं पण नाही, ताणलेलं कापड सोडल्यावर आत येतं आणि नक्षी आखडते.

ठसा सरळ खाली ठेवा, तळहाताने मधोमध वजन द्या, मोठा असेल तर मुठीच्या कडेने दोन-तीनदा ठोका. डुलवायचा नाही. डुलवला की कडेला दुसरी सावली येते. उचलताना एका हाताने कापड धरून सरळ वर, एका दमात. बसून नाही, उभं राहून काम करा, बसलं की हात तिरका पडतो आणि एक बाजू नेहमी गडद येते. माझी कायम उजवी बाजू गडद यायची, मला वाटायचं ठसाच वाकडा आहे.

रंग कडेने पसरतो, कोळ्यासारखे पाय फुटतात.

तीन कारणं असतात. रंगात पाणी घातलंय, किंवा कापड अजून दमट आहे, किंवा कापड फार तलम आहे. फॅब्रिक पेंटमध्ये ठशासाठी शक्यतो पाणी घालूच नका, दह्यापेक्षा पातळ नको. तलम कापडाला मात्र उलटा उपाय, आधी पातळ खळ घालून इस्त्री करा, छापा, पक्कं करा, मग खळ धुवून टाका. वर मी खळ काढायला सांगितलं आणि आता घालायला सांगतेय हे माहितीय, पण ही हलकी असते, फक्त कापड ताठ राहून रंग पळू नये इतकीच, आणि जाड खळीवर मात्र छापू नका.

ओळी सरळ कशा येणार? माझी वेल नेहमी वर चढते.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. कापडाची घडी घालून मध्य काढा, तिथे हलकी रेघ मारा आणि मधून बाहेर छापत जा, एका टोकापासून सुरू केलं की दुसऱ्या टोकाला अर्धं फूल उरतं. ठशाच्या मागे मध्याची खूण आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढून ठेवा, गोल ठशाला तर हमखास. कागदावर दहा-बारा छाप काढून कापून घ्या आणि कापडावर मांडून बघा, सगळ्यात चांगली मांडणी अशीच सापडते. दोन ओळींत अर्धा ठसा सरकवून मारला, भिंतीतल्या विटांसारखं, तर लहानसहान वाकडेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. एकाखाली एक सरळ चौकडीत मारले तर दोन मिलिमीटरची चूक पण लांबून दिसते.

खुणा कशाने करायच्या हा मोठा प्रश्न आहे. शिंप्याचा खडू सगळ्यात भरवशाचा, झटकला की गेला. पाण्याने जाणारं पेन असेल तर इस्त्रीच्या आधी पाण्याने काढा, गरम इस्त्री लागली की ती निळी रेघ कायमची बसू शकते. हवेने आपोआप जाणारी पेनं पण मिळतात, काम दोन दिवस चालणार असेल तर दुसऱ्या दिवशी खुणा शोधत बसाल. आणि उष्णतेने पुसली जाणारी जी पेनं असतात, त्यांची गंमत अशी की इस्त्रीने रेघ गायब होते पण कडक थंडीत परत उगवते, शाई जात नाही, फक्त बिनरंगी होते.

काळ्या टी-शर्टवर काहीच दिसत नाही!

कारण साधा फॅब्रिक पेंट बराच पारदर्शक असतो. पिवळा काळ्यावर मारला तर फार तर मळकट हिरवा दिसेल. ओपेक (अपारदर्शक) असं लिहिलेला रंग घ्या, किंवा मेटॅलिक, सोनेरी आणि चंदेरी गडद कापडावर खूप छान उठतात. नाहीतर आधी पांढऱ्याचा छाप मारून पूर्ण सुकू द्या आणि बरोबर त्यावरच रंगीत मारा, पण तंतोतंत बसवणं कठीण, एक मिलिमीटर पांढरं बाहेर डोकावतंच. मला ते डोकावलेलं आवडतं, सगळ्यांना आवडेल असं नाही.

हलक्या रंगाच्या कापडावर पण लक्षात ठेवा, कापडाचा रंग छापात मिसळतो. पिवळ्या कापडावर निळा छापला की हिरवट दिसणार. आणि बाटलीत दिसतो त्यापेक्षा सुकल्यावर रंग थोडा गडद होतो, कारण ओला बाइंडर दुधाळ असतो आणि सुकल्यावर स्वच्छ होतो. त्यामुळे छटा मिसळली की चिंधीवर छापून, सुकवून, मगच ठरवा.

शिवलेल्या कपड्यावर छापताना काय काळजी घ्यायची?

आत पुठ्ठा घाला. बस. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असला तर अजून बरं. माझ्या त्या पहिल्या टी-शर्टच्या पाठीवर पण आठ पानं आहेत, उलटी आणि पुसट, मी मुद्दाम काढली असं सांगते. शिवणीवर, खिशाच्या कडेवर, बटणाच्या पट्टीवर ठसा नीट बसत नाही, तिथे फोमचा मऊ ठसा घ्या किंवा ब्रशने जोड द्या. टी-शर्टचं होजिअरी कापड अंगावर ताणलं जातं, तिथे जाड थराचे मोठे भरीव ठसे नकोत, मोकळ्या रेघांचे घ्या.

ठशाबरोबर ब्रश वापरला तर चालतो का?

चालतो काय, त्यानेच तर जान येते! ठशाने बाहेरची रेघ, आत पातळ रंगाने ब्रश भरायचा, देठ हाताने ओढायचे, फुलाच्या मधे माचिसच्या काडीच्या मागच्या टोकाने ठिपके. फक्त आधी ठसा पूर्ण सुकू द्या. आणि सगळीकडे भरत सुटू नका, चार-पाच फुलांतलं एखादंच भरलं तर जास्त उठून दिसतं असं माझं मत.

चुकलं तर? ओघळ पडला, बोट लागलं, वगैरे.

ओलं असेल तर लगेच, तो भाग मागच्या बाजूने थंड पाण्याच्या धारेखाली धरा आणि साबण लावून हलके चोळा, बऱ्याचदा निघतो. गरम पाणी नको. सुकलेल्या अ‍ॅक्रेलिक बाइंडरला आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडं मऊ करतं, कापसाने टिपून बघा, पण आधी आतल्या शिवणीवर तपासा, कापडाचा मूळ रंगही जाऊ शकतो. इस्त्री झाली असेल तर विसरा, आता तिथे काहीतरी उगवलं पाहिजे. छोट्या थेंबाची कळी होते, बोटाच्या ठशाचं पाखरू होतं, ओघळाचा देठ होतो. म्हणून माझ्याकडे एक छोटा भरीव पानाचा ठसा कायम हाताशी असतो, त्याचं नावच झाकपाक.

टेबलावरची बशी आणि बाटल्या उजव्या हाताला ठेवा, उजव्याने छापत असाल तर. रंग भरलेला ठसा कापडावरून न्यायचाच नाही.

इस्त्री खरंच लागते का? नुसतं वाळवलं तर?

काही बाटल्यांवर लिहिलेलं असतं की इस्त्री नको, हवेनेच पक्का होतो. तसं असेल तर ते म्हणतील तितके दिवस थांबा. बाकीच्या रंगांना ताप लागतोच, तापाने बाइंडरचे कण एकमेकांत वितळून धाग्याभोवती एकसंध पापुद्रा होतो, तो नाही झाला की पाणी आत शिरतं आणि रंग सुटतो.

छापल्यावर निदान चोवीस तास वाळू द्या, सावलीत, सपाट किंवा दोरीवर पण घडी न घालता. मग कापड उलटं करा, किंवा नक्षीवर पातळ सुती फडकं घाला, इस्त्रीतली वाफ पूर्ण बंद, आणि कापडाला सोसेल तितका ताप. इस्त्रीच्या खुणेत एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. सुती आणि लिननला तीन ठिपके चालतात, सिल्क आणि पॉलिस्टरला दोनच्या वर नको, काही सिंथेटिकला एकच. प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं, इस्त्री हळू हळू हलवत, एका जागी ठेवून फोन घ्यायला जायचं नाही. लोक चुकतात ते इथे, नेहमीच्या इस्त्रीसारखा एक हात फिरवतात आणि म्हणतात झालं की. अख्ख्या ओढणीला अर्धा-पाऊण तास लागतो, गाणी लावा. कधी थांबायचं ते हात दुखण्यावर नाही, नक्षीवर ठरवा: शेवटी बोटाने दाबून बघा, चिकट लागलं तर अजून झालेलं नाही.

पॉलिस्टरला ताप कमी म्हणून वेळ जास्त द्यायचा.

मग धुवायचं कधी आणि कसं?

इस्त्रीनंतर तीन-चार दिवस तरी थांबा, मी आठवडा थांबते. मग उलटं करून, गार किंवा जास्तीत जास्त ३० अंशाच्या पाण्यात, साध्या डिटर्जंटने. ब्लीच नको, ब्रशने घासणं नको, पिळून मुरगळणं नको. मशीन चालतं, हलक्या सायकलवर. ड्रायक्लीनला देऊ नका, त्यातले सॉल्व्हंट बाइंडरला मऊ करू शकतात. पहिल्या धुण्यात पाण्याला किंचित रंग आला तर घाबरू नका, वरवरची पूड असते. दुसऱ्यांदा पण आला तर परत इस्त्री करा.

छापलेला भाग कडक लागतो.

रंग जास्त लागलाय. एक-दोन धुण्यात थोडा नरम पडतो, पण मूळ उपाय पातळ थर हाच. छाप कापडाच्या मागच्या बाजूला अंधुक दिसला तर थर बरोबर आहे असं समजा, वर फुगून आला असेल तर नाही.

रंग प्लेटमध्येच वाळतो, काय करू?

पंखा बंद करा. थोडा थोडा रंग काढा, मधे थांबायचं असेल तर प्लेटवर ओलं फडकं झाका. ठशावर वाळायला लागला की रेघा बुजतात, दर दहा-पंधरा छापांनी ठसा पुसून घ्या.

ठसे साफ कसे करायचे? लाकडी ठशाला भेग गेली माझ्या.

पाण्यात भिजत टाकला असणार. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग वाळताना तडकतं. काम झालं की लगेच, रंग ओला असताना, जुना टूथब्रश आणि थोडं पाणी, खाचांतून नीट, मग फडक्याने टिपून कोरीव बाजू आडवी करून सावलीत वाळवायचा. उन्हात नाही, हीटरजवळ नाही. कारागीर नवा ब्लॉक वापरात घ्यायच्या आधी दहा-पंधरा दिवस तेलात मुरवतात, ते याचसाठी. घरी वर्षातून एकदोनदा तेलाचा हात फिरवला आणि नीट पुसला तरी पुरे, तेल निथळत असताना छापलं तर कापडावर डाग पडेल.

रबर आणि फोम पाण्याने धुवा, पण रबर थिनरने पुसू नका, फुगतं.

लहान मुलांबरोबर करता येईल?

मस्त येतं. पाण्याचा बेस असलेला, बिनविषारी लिहिलेला फॅब्रिक पेंट, फोमचे मोठे ठसे, आणि कोरायचं व इस्त्रीचं काम मोठ्यांनी. कपडे जुने घाला, कारण मुलांच्या हाताला लागलेला रंग साबणाने जातो पण त्यांच्या कपड्याला लागलेला जात नाही, शेवटी फॅब्रिक पेंटच तो. ओळीत मारा वगैरे सांगत बसू नका.

हे सगळं किती जुनं आहे?

खूप. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेले भारतीय ठसेछपाईचे कितीतरी तुकडे आहेत, काही हजारेक वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपलं छापील सुती कापड तेव्हाच समुद्रापार जात होतं. त्या काळी ठशाने रंगच छापायचे असं नाही, तुरटी किंवा लोखंडाचं पाणी छापायचे आणि मग अख्खं कापड मंजिष्ठासारख्या रंगात उकळायचे, तुरटीच्या जागी लाल चढायचा, लोखंडाच्या जागी काळा. पुढे हे छापील सुती कापड युरोपात इतकं खपायला लागलं की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदीच घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. फुलाफुलांच्या कापडावर सत्तर वर्षं बंदी! मला ठसा मारताना हे आठवलं की उगीच आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटतं.

पहिल्यांदा नेमकं काय छापू?

साधी कापडी पिशवी. सपाट असते, सुती असते, आत पुठ्ठा सहज जातो, अंगावर घालायची नसते म्हणून रंग थोडा जाड झाला तरी टोचत नाही. एक ठसा, एक रंग, विटांसारखी मांडणी. आणि पिशवीच्या आधी चिंधीवर निदान वीस छाप मारा, एका ओळीत, खाली नंबर घालत. पहिले पाच सहा डबडबलेले येतील, मग एकदम फिके येतील कारण तुम्ही घाबरून रंग कमी लावाल, आणि तेरा-चौदाव्याच्या आसपास हात बसेल. ती चिंधी फेकू नका, माझी अजून कपाटाच्या दाराला आतून लावलेली आहे.